घरचा स्टोरेज सर्व्हर: ड्राइव्ह कसे सांभाळायचे आणि बिघडलं की आधी काय बघायचं

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं फुकटातलं अमर्याद स्टोरेज बंद झालं, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांनी माळ्यावरचा जुना पीसी खाली काढला आणि त्यावर घरचा सर्व्हर टाकला, मी पण त्यातलाच. आमच्याकडे टीव्हीच्या कपाटात खालच्या खणात एक असेंबल पीसी चोवीस तास चालू असतो. ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठीची लिनक्स सिस्टिम, ब्राउझरमधल्या पॅनेलवरून चालते), आणि डेटासाठी ४ टीबीचे दोन ड्राइव्ह झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. स्कॅन केलेले लग्नाचे अल्बम, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, मुलीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो, घराची कागदपत्रं, सगळं तिथे आहे. सेटअप कसा करायचा याचे व्हिडिओ ढिगानं मिळतात आणि तो एका दुपारीत होतोही. पण दोन वर्षांनी एका सकाळी स्क्रीनवर डिग्रेडेड, म्हणजे एखादा ड्राइव्ह नीट चालत नाहीये, असं दिसतं तेव्हा पहिलं बोट कुठे ठेवायचं हे फार कमी जण सांगतात.

माझं आता पक्कं मत झालंय की घरच्या सर्व्हरवरचा डेटा ड्राइव्ह मेल्यामुळे जेवढा जातो त्यापेक्षा ड्राइव्ह रुसल्यावर पुढच्या अर्ध्या तासात आपण घाबरून जे करतो त्यानं जास्त जातो. म्हणून खालचं सगळं त्या अर्ध्या तासाची तयारी म्हणून वाचा. नवीन असाल तर क्रम सोडू नका, कारण पहिली पायरी झालेली नसेल तर सातव्या पायरीला अडकाल.

पायरी १: प्रत्येक ड्राइव्हला नाव द्या

लिनक्स ड्राइव्हला एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं आणि नवीन माणूस तीच नावं वहीत लिहून ठेवतो, जे अजिबात करायचं नाही. ही नावं त्या त्या वेळी जो ड्राइव्ह आधी सापडेल त्याप्रमाणे लागतात. आज जो एसडीबी आहे तो उद्या एक पेनड्राइव्ह लावून रीस्टार्ट केलं की एसडीसी होऊ शकतो. न बदलणारी एकच गोष्ट, ती म्हणजे सिरियल नंबर. तो ड्राइव्हच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि तोच ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये स्टोरेज मेन्यूतल्या डिस्क्स या पानावर दिसतो.

करायचं एवढंच. सर्व्हर बंद करून कॅबिनेट उघडा, एकेक ड्राइव्ह बाहेर काढा, स्टिकरचा मोबाइलवर फोटो घ्या. मग कागदी चिकटपट्टीवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्या अक्षरात लिहा आणि ती ड्राइव्हच्या त्या कडेला लावा जी ड्राइव्ह बसवलेला असताना तुम्हाला समोर दिसते. वरच्या बाजूला लावलीत तर दोन ड्राइव्ह एकावर एक बसले की काहीच दिसत नाही. ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या दोन्ही टोकांनाही तेच चार आकडे लावा. हे करायला वीस मिनिटं लागतात. मी हे केलं नव्हतं म्हणून एकदा चालू मिररमधला चांगला ड्राइव्ह उपसून काढला आणि आजारी ड्राइव्ह आत ठेवला, ते पुढे सांगतो.

पायरी २: नवीन ड्राइव्ह आल्या आल्या डेटा टाकू नका

घेण्याआधी एक बघा, ड्राइव्ह सीएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकांवर न चढवलेला) आहे की एसएमआर. एसएमआर म्हणजे ज्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकांवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा जास्त बसते, पण मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. नुसते सिनेमे साठवायला चालतं, पण मिरर किंवा रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडलेली मांडणी) पुन्हा बांधायची वेळ आली की असा ड्राइव्ह धापा टाकायला लागतो आणि कधी कधी सिस्टिम त्याला मेलेला समजून बाहेर काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल या अर्थी, आरएआयडी नव्हे) मालिकेतले २ ते ६ टीबीचे काही मॉडेल एसएमआर असल्याचं बाहेर आलं, त्यानंतर कंपनीनं सीएमआरवाले रेड प्लस या नावानं वेगळे केले. त्यामुळे मालिकेच्या नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

ड्राइव्ह घरी आला की स्मार्टचा रिपोर्ट काढा. स्मार्ट म्हणजे ड्राइव्ह स्वतःच स्वतःची ठेवत असलेली तब्येतीची नोंद, आणि ती वाचायची कमांड म्हणजे स्मार्टसीटीएल. पॅनेलमध्येही हीच माहिती मिळते. ९ नंबरची ओळ बघा, पॉवर ऑन अवर्स, नवीन ड्राइव्हवर तिथे शून्य किंवा फार तर एक-दोन तास असायला हवेत. मला एका दुकानातून नवा म्हणून मिळालेल्या ड्राइव्हवर तिथे पाच आकडी तास निघाले होते, त्याच दिवशी गेलो आणि बदलून घेतला. सीगेटचा ड्राइव्ह असेल तर फार्म नावाचा आणखी एक लॉग असतो, स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्त्या तो वाचतात. तिथले तास आणि स्मार्टमधले तास जुळले नाहीत तर कोणीतरी मीटर मागे फिरवलाय असं समजा आणि ड्राइव्ह परत करा.

मग लाँग टेस्ट लावा. ४ टीबीच्या ड्राइव्हला सात-आठ तास तरी लागतात, रात्री लावून झोपायचं. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांच्यासाठी बॅडब्लॉक्स नावाचं टूल आहे, लिहिण्याच्या मोडमध्ये ते पूर्ण ड्राइव्हवर चार वेगवेगळे पॅटर्न लिहितं आणि प्रत्येक वेळी वाचून पडताळतं, यात दिवस जातात आणि ड्राइव्हवर असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून फक्त कोऱ्या ड्राइव्हवर. मी करतो. परत करायची मुदत असेपर्यंत कच्चा माल उघडा पडलेला बरा.

आणि हो, ४ टीबीचा ड्राइव्ह ३.६४ दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, सिस्टिम १०२४ च्या पटीत.

पायरी ३: मांडणी साधी ठेवा

दोन ड्राइव्ह असतील तर मिरर, विषय संपला. दोन्हीवर तोच डेटा, एक गेला तरी दुसरा पूर्ण. चार ड्राइव्ह झाले की मग रेडझेड (झेडएफएसची स्वतःची रेड मांडणी) वगैरेचा विचार करा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये झेडएफएससाठी वेगळा प्लगइन टाकावा लागतो. पूल (झेडएफएसमध्ये ड्राइव्ह एकत्र करून बनलेली साठवणीची जागा) बनवताना ड्राइव्ह आयडीनं निवडा, म्हणजे नावात सिरियल नंबर येतो आणि पहिल्या पायरीतल्या पट्ट्यांशी तो ताडून बघता येतो.

इथे एक खड्डा आहे. एकाच ड्राइव्हचा पूल आधी बनवलाय आणि आता दुसरा ड्राइव्ह आणून मिरर करायचाय, तर कमांड अटॅच आहे, ॲड नाही. ॲड केलं की दुसरा ड्राइव्ह आरसा होत नाही, तो पहिल्याला शेपटीसारखा जोडला जातो, जागा दुप्पट दिसते, तुम्ही खूश होता, आणि दोघांपैकी कुठलाही एक गेला की अख्खा पूल जातो. साध्या पुलात ही चूक निदान मागे घेता येते, पूल रेडझेडचा असेल तर तो जोडलेला ड्राइव्ह काढताच येत नाही, सगळा डेटा बाहेर काढून पूल नव्यानं बांधावा लागतो. एंटर मारायच्या आधी कमांड एकदा मोठ्यानं वाचा, खरंच.

झेडएफएस नको असेल तर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आणि एमडीएडीएम हे लिनक्सचं रेड करायचं टूल पण चांगलं चालतं. त्यात तब्येत बघायची जागा म्हणजे एमडीस्टॅट नावाची फाइल, तिथे कंसात दोन यू दिसले तर दोन्ही ड्राइव्ह हजर, एक यू आणि एक खालची रेघ दिसली तर एक गैरहजर.

जे एफस्टॅब (कुठला ड्राइव्ह कुठल्या फोल्डरला जोडायचा ते सांगणारी फाइल) हातानं लिहितात त्यांनी प्रत्येक डेटा ड्राइव्हच्या ओळीत नोफेल हा पर्याय टाकायचाच. तो नसेल आणि एखादा ड्राइव्ह सापडला नाही तर सर्व्हर बूट न होता इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतो, नेटवर्क नाही, पॅनेल नाही, मग मॉनिटर आणि कीबोर्ड शोधत बसा. ओपनमीडियाव्हॉल्ट आपण होऊन नोफेल टाकतं.

पण नोफेलमुळे दुसरी एक भानगड होते. ड्राइव्ह माउंट झाला नाही, म्हणजे फोल्डरला जोडला गेला नाही, तरी त्याचं फोल्डर सिस्टिमच्या एसएसडीवर रिकामं असतंच, आणि फोटो अपलोड करणारं ॲप बिचारं त्याच फोल्डरमध्ये लिहीत सुटतं. दोन दिवसांत एसएसडी गच्च भरते. मग पॅनेलमध्ये बरोबर पासवर्ड टाकला तरी पुन्हा लॉगिनचंच पान येतं, आणि आपल्याला वाटतं पासवर्ड विसरलो. असं झालं की एसएसएचनं (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड द्यायचा मार्ग) आत जा, डीएफ कमांड चालवा, सिस्टिमच्या पार्टिशनसमोर शंभर टक्के दिसले तर कारण सापडलं. उपाय म्हणजे ड्राइव्ह माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडनं कुलूप लावून ठेवायचं, म्हणजे ड्राइव्ह नसेल तेव्हा ॲपला तिथे लिहिताच येत नाही आणि ते लगेच एरर देतं. ड्राइव्ह माउंट झाला की कुलूप आड येत नाही.

पायरी ४: स्मार्टमधलं नेमकं काय वाचायचं

रिपोर्टमध्ये वीस-पंचवीस ओळी असतात आणि नवीन माणूस पहिल्याच ओळीला घाबरतो, कारण सीगेटच्या ड्राइव्हवर १ आणि ७ नंबरच्या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात. ते तिथे नेहमीच तसे असतात, सोडून द्या. बॅकब्लेझ ही बॅकअपची कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो ड्राइव्हचे आकडे प्रसिद्ध करत आलीय, आणि त्यांनी ज्या पाच ओळींवर बोट ठेवलं त्या म्हणजे ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. शेवटच्या रकान्यातला आकडा, म्हणजे रॉ व्हॅल्यू, तेवढा बघायचा.

घरात मी तीनच बघतो. ५ म्हणजे किती खराब जागा ड्राइव्हनं बाद करून राखीव जागेत हलवल्या. १९७ म्हणजे किती जागा वाचता येत नाहीयेत आणि त्यांचा निकाल लागायचाय. १९८ म्हणजे तपासणीत ज्या वाचताच आल्या नाहीत त्या. ५ मध्ये आठ आहेत आणि वर्षभर आठच आहेत तर मी तो ड्राइव्ह वापरतो. सोमवारी आठ, गुरुवारी चोवीस, पुढच्या सोमवारी नव्वद असं झालं तर त्याच संध्याकाळी नवा ड्राइव्ह मागवतो. आकड्यापेक्षा तो कुठल्या वेगानं वाढतोय ते महत्त्वाचं, म्हणून महिन्यातून एकदा हे तीन आकडे तारखेसकट वहीत लिहायचे, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मग १९९. सीआरसी एरर. ही ओळ ड्राइव्हच्या आतलं काही सांगत नाही, ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यावर डेटा खराब झाला एवढंच सांगते. म्हणजे दहातल्या नऊ वेळा केबल. हा आकडा कधी कमी होत नाही, केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, त्यामुळे केबल बदलल्यावर आज किती होता ते लिहा आणि आठवड्यानं तेवढाच आहे का बघा. तेवढाच असेल तर काम झालं.

यूएसबीच्या डब्यात लावलेले ड्राइव्ह कधी कधी स्मार्ट दाखवतच नाहीत. स्मार्टसीटीएलला डिव्हाइसचा प्रकार साट असा सांगून बघा, बऱ्याच डब्यांवर चालतं. तरीही दाखवत नसेल तर तो डबा बॅकअपला ठेवा, मुख्य डेटाला नको.

महिन्यातून एकदा स्क्रबही व्हायला हवा. स्क्रबमध्ये झेडएफएस सगळा डेटा वाचून चेकसमशी (लिहिताना ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून बघतं आणि एका ड्राइव्हवर चुकीचं सापडलं तर दुसऱ्यावरून दुरुस्त करतं. ओपनमीडियाव्हॉल्ट ज्यावर बनलंय त्या डेबियन लिनक्सच्या पॅकेजमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो आपोआप लागलेला असतो. त्या रविवारी सर्व्हर बंद ठेवलात तर तो महिना हुकतो, एवढं लक्षात ठेवा. ईमेल नोटिफिकेशन चालू करा आणि टेस्टचं मेल खरंच येतं का ते बघा, स्पॅममध्ये पण शोधा.

पायरी ५: लाइट, उन्हाळा आणि पावसाळा

आपल्याकडे लाइट जाते यापेक्षा ती जाते-येते-जाते ते वाईट. मोटर फिरायला लागते तोच पुन्हा झटका. म्हणून ड्राइव्ह घ्यायच्या बजेटमधून आधी यूपीएसचे पैसे बाजूला काढा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि नट नावाचं सॉफ्टवेअर सेट करा, ओपनमीडियाव्हॉल्टला त्याचा प्लगइन आहे. बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट शटडाउन होतो, घरी कोणी नसलं तरी. ही केबल न जोडता नुसता यूपीएस ठेवला तर तुम्ही फक्त अंधार दहा मिनिटांनी पुढे ढकललात. बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत दम टाकते, सहा महिन्यांतून एकदा भिंतीवरचं बटण स्वतः बंद करून बघा काय होतं ते. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवत असाल तर इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, दुसऱ्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकीचं.

तापमानाचं म्हणाल तर ३० ते ४५ डिग्रीत ड्राइव्ह सुखी असतो. एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात ५० च्या वर सहज जातो. आमच्या कपाटाची मागची फळी सुतारानं काढली आणि ड्राइव्हच्या समोर १२० एमएमचा पंखा लावला, ५१ वरून ४२ वर आला. दोन ड्राइव्हमध्ये बोटभर जागा सोडा. पावसाळ्यात, त्यात कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर, साटाच्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल आणि मळ धरतो. जून सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा असं मी वर्षातून दोनदा सगळं सोडवून, पुसून, परत घट्ट बसवतो.

पायरी ६: बिघडलं. आता हात मागे

आता माझी गोष्ट. जुलैची रात्र होती, लाइट दोन-तीनदा गेली आली, सकाळी पूल डिग्रेडेड, एक ड्राइव्ह फॉल्टेड. मी नवा ड्राइव्ह घेऊन आलो, कॅबिनेट उघडलं, दोन सारखे दिसणारे ड्राइव्ह, अंदाजानं वरचा काढला. तो चांगला होता. सर्व्हर चालू केला तर पूलच दिसेना, कारण उरलेला एकटा ड्राइव्ह नीट बोलत नव्हता. त्या पाच मिनिटांत मुलीचे सगळे फोटो डोळ्यांसमोरून गेले. सुदैवानं मी पुढे काही फॉरमॅट केलं नाही, सगळं बंद केलं, चहा घेतला, काढलेला ड्राइव्ह परत लावला, पूल आला. मग स्मार्ट बघितलं तर आजारी म्हटलेल्या ड्राइव्हचे ५, १९७, १९८ सगळे शून्य आणि १९९ मात्र चारशेच्या वर. साटा केबल हलकी झाली होती, तिला कुलपाची पत्ती नव्हती, कॅबिनेटचं झाकण लावताना ती दाबली जात होती. साधी केबल बदलली आणि तोच ड्राइव्ह आजही चालतोय.

म्हणून आता क्रम असा. पहिल्यांदा झेडपूल स्टेटस चालवून जे दिसतं त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. रीड, राइट आणि चेकसम असे तीन रकाने दिसतील. एकाच ड्राइव्हसमोर आकडे असतील तर तो ड्राइव्ह, त्याची केबल किंवा त्याचा पोर्ट. सगळ्याच ड्राइव्हसमोर चेकसमचे आकडे वाढत असतील तर सगळे एकदम आजारी पडत नाहीत, तेव्हा रॅम, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) किंवा कंट्रोलर कार्डवर संशय घ्या आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवा. मग डीमेसेज या लिनक्सच्या लॉगमध्ये बघा. हार्ड रीसेटिंग लिंक किंवा लिंक डाउन असे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर बहुधा केबल किंवा पॉवर, आय-ओ एररसोबत त्याच त्याच सेक्टरचे नंबर येत असतील तर ड्राइव्हची तबकडी. त्यानंतर स्मार्टचे ५, १९७, १९८ आणि १९९ हे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडा.

एवढं झाल्यावरच कॅबिनेट उघडायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली की चालू करून बघा, तरी तेच तर पोर्ट बदला, तरी तेच तर पॉवरचा कनेक्टर बदला. तिन्ही एकदम बदललं तर चालू झालं तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि महिन्यानं तो परत येतो. पॉवरसाठी मोलेक्सवरून साटा करणारे ते प्लास्टिक ओतून केलेले स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका, आत तारा एकमेकींना चिकटून ते पेट घेतात. एसएमपीएसमधून थेट आलेली वायर घ्या.

केबलचाच दोष निघाला तर झेडपूल क्लिअरनं आकडे शून्य करा, लगेच स्क्रब लावा, आणि स्क्रब शून्य एररनं संपला की मगच सुटकेचा श्वास.

आणखी एक, ज्यांनी साधे डेस्कटॉपचे ड्राइव्ह रेडमध्ये लावलेत त्यांच्यासाठी. असा ड्राइव्ह एखादी खराब जागा वाचायला एक-दोन मिनिटं सुद्धा झटत बसतो, आणि लिनक्स साधारण ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतं, मग थोडासा खराब ड्राइव्ह पूर्ण मेलेला दिसतो. नॅससाठीचे (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठीचे) ड्राइव्ह ७ सेकंदांत हात वर करतात आणि डेटा दुसऱ्या ड्राइव्हवरून घेतला जातो. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटीईआरसी या नावानं ही वेळ बघता आणि बऱ्याच ड्राइव्हवर लावता येते, पण बंद-चालू झाल्यावर ती सहसा पुसली जाते, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका.

पायरी ७: ड्राइव्ह खरंच गेला तर बदलणं

बॅकअप आधी ताजा करा. मिररमधला एक आजारी असतो तेव्हा दुसऱ्यावर सगळा भार असतो आणि तो पण बहुतेक त्याच वयाचा, त्याच खोक्यातला असतो. मदरबोर्डवर साटा पोर्ट मोकळा असेल तर आजारी ड्राइव्ह न काढता नवा शेजारी लावा आणि झेडपूल रिप्लेस द्या, त्यात जुन्याचं सिरियलवालं नाव आधी आणि नव्याचं नंतर. आजारी ड्राइव्ह जेवढं वाचून देऊ शकतो तेवढं देतो, ते वायाला जाऊ देऊ नका. पोर्ट नसेल तर जुन्याला आधी ऑफलाइन करा, शटडाउन करा, चिकटपट्टीवरचे चार आकडे स्क्रीनवरच्या सिरियलशी मिळवा, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते आकडे मोठ्यानं वाचायला सांगा, आणि मग काढा. आमच्याकडे हे काम मुलगी करते.

मग रीसिल्व्हर, म्हणजे नव्या ड्राइव्हवर डेटा भरणं, सुरू होतो. झेडएफएस फक्त वापरलेली जागा कॉपी करतं, त्यामुळे अर्धा भरलेला पूल अर्ध्या वेळात होतो, एमडीएडीएम पूर्ण ड्राइव्ह कॉपी करतं. त्या काळात सिनेमे, टॉरंट, फोटो अपलोड सगळं थांबवा आणि रीस्टार्ट करू नका.

रेड नाहीच, एकटा ड्राइव्ह आहे आणि तो मरायला लागलाय, तर एफएससीके चालवू नका. तो दुरुस्त करायला जातो म्हणजे मरणाऱ्या ड्राइव्हवर लिहितो. त्याऐवजी तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या ड्राइव्हवर डीडीरेस्क्यूनं कॉपी घ्या, आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे जातं. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं घ्यायचं, खराब भागाशी झुंजायचं ते दुसऱ्या फेरीत. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या कॉपीवर करा. ड्राइव्हमधून टक-टक असा ठोक्याचा आवाज येत असेल तर डीडीरेस्क्यू पण नाही, बंदच करा. आत डोकं तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडला जातोय. फ्रीजरमध्ये ठेवून बघ असं कोणीतरी सांगेलच, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे, तोही न उघडता.

काही छोट्या तक्रारी

कॉपीचा स्पीड सेकंदाला ११ एमबीवर अडकला असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. गिगाबिट नेटवर्कवर ११० च्या आसपास मिळतं, ११ म्हणजे लॅन केबलची एखादी जोडी तुटली आणि लिंक १०० वर उतरली. ईथटूल या कमांडमध्ये दिसेल, केबल बदला.

फाइली पुसल्या तरी झेडएफएसमध्ये जागा मोकळी होत नसेल तर जुने स्नॅपशॉट (एखाद्या क्षणीच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती) बघा, त्यांनी त्या धरून ठेवल्यात. आणि पूल ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, पुढे तो हळू हळू मंदावतो.

पायरी ८: बॅकअप, कारण मिरर म्हणजे बॅकअप नाही

चुकून डिलीट केलेलं मिरर दोन्हीकडून इमानदारीत डिलीट करतो. वीज कोसळली तर दोन्ही ड्राइव्ह एकाच एसएमपीएसवर आहेत. पीटर क्रोग या फोटोग्राफरनं लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत म्हणजे एक ४ टीबीचा यूएसबी ड्राइव्ह, एन्क्रिप्ट केलेला, बहिणीकडे दुसऱ्या गावात. गणपतीत आणि दिवाळीत जातो तेव्हा एक देतो, एक आणतो. दोन भेटींच्या मधल्या काळातले फोटो तेवढे क्लाउडवर.

प्रत काढली की तिथून एखादं फोल्डर परत आणून उघडून बघा. फाइलींची नावं दिसतात म्हणजे फाइली आहेत असं नाही. मी दर वेळी आजीच्या ओव्यांची फाइल बहिणीकडून आणलेल्या ड्राइव्हवरून लावतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. ती पूर्ण वाजली की मग तारीख आणि ड्राइव्हचे चार आकडे वहीत लिहितो. वही कॅबिनेटच्या वर रबरबँड लावून ठेवलेली असते. पहिल्या पानावर बंद कसं करायचं, कुठला ड्राइव्ह कुठे आहे आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड कुठल्या डायरीत आहे हे बायकोला कळेल अशा भाषेत लिहिलंय, आणि तिनं ते वाचून एकदा सगळं स्वतः बंद-चालू करून बघितलंय.